व्यत्यय व जागृती संकेत, अंतःस्थापित प्रणालींतील

संगणकाचा संस्कारक म्हणजे प्रोसेसर एखादे काम करीत असताना बाहेरील उपकरणाकडून विद्युत् संकेत येतो, संस्कारक हातातील काम तात्पुरते थांबवितो, त्या उपकरणाची दखल घेतो व नंतर मूळ काम जेथे सोडले होते तेथून पुढे चालू करतो. या क्रियेस व्यत्यय किंवा इंटरप्ट म्हणतात. विजेची बचत करण्यासाठी संस्कारक निद्रित अवस्थेत ठेवलेला असताना ज्या संकेताने तो पुन्हा कार्यप्रवण होतो, त्यास जागृती संकेत म्हणतात. बहुतेक वेळा व्यत्ययाचा संकेत हाच जागृती संकेतही असतो.

एखाद्या यंत्राच्या पोटात बसविलेल्या व ठराविक कामच करणाऱ्या संगणकास अंतःस्थापित प्रणाली असे नाव आहे. वीजमीटर, धुलाई यंत्र, मोटारीच्या एंजिनाचे नियंत्रक, रुग्णाच्या छातीत बसविलेला हृदयस्पंदक ही तिची परिचित उदाहरणे होत. अशा प्रणालीत बहुधा संस्कारक, स्मृती व बाह्य जोडण्या एकाच लहानशा चकतीवर असलेला सूक्ष्मनियंत्रक म्हणजे मायक्रोकंट्रोलर वापरतात. प्रत्यक्ष उपकरण व मुख्य आज्ञावली यांच्यामध्ये राहून उपकरणाचे संकेत स्वीकारणाऱ्या आणि त्यास आदेश देणाऱ्या भागास चालक आज्ञावली किंवा ड्रायव्हर म्हणतात. व्यत्ययाची नोंद घेणे, संस्कारकास झोपू देणे व योग्य वेळी जागे करणे या तिन्ही गोष्टींचा मेळ घालण्याची जबाबदारी मुख्यत्वे याच भागावर असते.

उदाहरण : स्वयंचलित पर्जन्यमापक. या विषयाचे स्वरूप समजण्यास स्वयंचलित हवामान केंद्र हे चांगले उदाहरण आहे. महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाने २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली खासगी भागीदारीने महसूल मंडळवार अशी केंद्रे उभारली. राज्यातील त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. बीड जिल्ह्यासारख्या भागात त्यांना विशेष महत्त्व आहे. पर्जन्यछायेतील हा जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेने विभागलेला असून एका मंडळात मुसळधार पाऊस पडत असता शेजारचे मंडळ कोरडे राहणे येथे नवलाचे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मराठवाड्यात पावसाने दीर्घ ओढ दिली, तर सप्टेंबर २०२१ व सप्टेंबर २०२५ मध्ये याच भागात अतिवृष्टी झाली. अशा वेळी मदतीचा वा पीकविम्याचा निर्णय मंडळातील पर्जन्यमापकाच्या आकड्याशी निगडित असतो.

महाराष्ट्रात मंडळात २४ तासांत ६५ मिमी. हून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानण्याचा प्रघात आहे. तसेच ज्या दिवशी २·५ मिमी. वा त्याहून जास्त पाऊस पडतो, त्यास भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार पावसाचा दिवस म्हणतात; पावसाचा खंड किती दिवसांचा हे ठरविताना असा एक दिवसही निर्णायक ठरू शकतो. म्हणजे पर्जन्यमापकाने कमी मोजले तर अतिवृष्टी नाकारली जाते आणि जास्त मोजले तर खंड नाकारला जातो. दोन्ही चुका शेतकऱ्यालाच भोवतात.

स्वयंचलित केंद्रांत बहुधा कलत्या पात्राचा पर्जन्यमापक असतो. या कल्पनेचा उगम १६६२ मध्ये इंग्लंडमधील क्रिस्टोफर रेन यांच्याकडे जातो. नरसाळ्यातून येणारे पाणी तराजूप्रमाणे मध्यावर तोललेल्या दोन लहान पात्रांपैकी एकात पडते. ते भरताच कलंडून रिकामे होते व दुसरे पात्र धारेखाली येते. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी. असून एका कलण्यास ०·२ मिमी. पाऊस धरावयाचा असेल, तर पात्रात ४ मिलि. पाणी मावले पाहिजे. पात्रावरील लहान चुंबक कलताना रीड स्विचसमोरून जातो. काचेच्या नळीत बंद केलेल्या लोहचुंबकीय पट्ट्यांचा हा स्विच १९३६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी शोधून काढला. चुंबक जवळ येताच पट्ट्या चिकटतात, दूर जाताच सुटतात. सेकंदाच्या अल्प भागात मिटून उघडणारा हा स्विच म्हणजेच सूक्ष्मनियंत्रकाकडे जाणारा व्यत्यय संकेत होय. तो क्षण निसटला, तर तेवढा पाऊस नोंदीतून कायमचा गेला. कारण पाणी जमिनीवर सांडून गेलेले असते.

इतिहास. आरंभीच्या संगणकांत बाहेरील उपकरणाचे काम संपले किंवा कसे हे संस्कारकाला वारंवार विचारून पाहावे लागे. कोणी आले आहे काय हे पाहण्यास दर क्षणी दारापर्यंत जाण्यासारखाच हा प्रकार होता. व्यत्ययामुळे पाहुण्याने कडी वाजवावी व घरधन्याने तोवर आपले काम करावे अशी सोय झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक कार्यालयाने १९५४ मध्ये तयार केलेला डायसिॲक हा बाह्य उपकरणांसाठी व्यत्ययाची योजना असलेल्या पहिल्या संगणकांपैकी एक होय. नेदर्लंड्समधील एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी एक्स-१ या संगणकासाठी व्यत्यय हाताळणारी आज्ञावली रचली व त्याच विषयावरील प्रबंध १९५९ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठास सादर केला. व्यत्यय कोणत्या क्षणी येईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून त्यातून उद्भवणारा दोष पुन्हा घडवून दाखविणेही कठीण असते, ही या विषयातील मूळ अडचण त्यांनी ओळखली होती. ती आजही कायम आहे. १९८० मध्ये इंटेल कंपनीने बाजारात आणलेल्या व भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत दीर्घकाळ शिकविल्या गेलेल्या ८०५१ या सूक्ष्मनियंत्रकात व्यत्ययाचे पाच उगम होते : दोन बाह्य, दोन कालमापकांचे व एक क्रमिक संदेशवहनाचा.

व्यत्ययाची कार्यपद्धती. संकेत येताच व्यत्यय नियंत्रक त्याची प्रलंबित म्हणून खूण करतो. व्यत्यय स्वीकारण्यास परवानगी असेल व त्याहून वरच्या अग्रक्रमाचे काम चालू नसेल, तर संस्कारक चालू आदेश संपवून पुढील आदेशाचा पत्ता व आवश्यक ते नोंदक म्हणजे रजिस्टर स्मृतीत जपून ठेवतो. नंतर ठराविक कोष्टकातून त्या व्यत्ययासाठी नेमलेल्या उपक्रमाचा पत्ता घेऊन तो उपक्रम चालवितो आणि शेवटी जपलेली माहिती परत घेऊन मूळ कामाकडे वळतो. संकेत आल्यापासून उपक्रम सुरू होईपर्यंतच्या अवधीस विलंबकाल म्हणतात. आर्म कंपनीच्या कॉर्टेक्स-एम३ या संस्कारकात तो सामान्यतः १२ तालचक्रांइतका, म्हणजे ४८ मेगॅहर्ट्झ कंप्रतेस पाव मायक्रोसेकंद असतो.

चालक आज्ञावलीचे दोन भाग. व्यत्ययाचा उपक्रम चालू असताना त्याच किंवा खालच्या अग्रक्रमाचे इतर व्यत्यय खोळंबतात. प्रलंबित खूण सर्वसाधारणपणे एकच असते. ती पुसण्यापूर्वी तोच संकेत दोनदा आला, तरी दोन संकेत आले होते हे कळत नाही. म्हणून उपक्रम शक्य तेवढा लहान ठेवणे हा पहिला नियम होय. पर्जन्यमापकाच्या बाबतीत उपक्रमाने गणकात एक मिळवावा, वेळ टिपावी, खूण पुसावी व परतावे. मिलिमीटरांत रूपांतर, संचय, मोबाइल जाळ्यातून आकडे पाठविणे ही सावकाशीची कामे मुख्य आज्ञावलीने नंतर करावीत. उपक्रमातच संदेश पाठविण्याचे काम घातले, तर तो संदेश जाईपर्यंत पडलेल्या पावसाची गणना धोक्यात येते.

स्पर्शकंप व खोटी गणना. स्विचच्या पट्ट्या मिटताना एकदम स्थिर होत नाहीत. एखाद-दुसऱ्या मिलिसेकंदात त्या अनेकदा उडून पुन्हा चिकटतात. माणसाला हा एकच स्पर्श वाटतो, परंतु सूक्ष्मनियंत्रकाला ते अनेक संकेत दिसतात. समजा, दिवसभरात पात्र सात वेळा कलले, म्हणजे १·४ मिमी. पाऊस झाला. प्रत्येक कलणे दोनदा मोजले गेले, तर नोंद २·८ मिमी. होईल व कोरड्या खंडातील तो दिवस पावसाचा ठरेल. यावर दोन उपाय योजतात. रोधक व धारित्र यांच्या जोडणीने संकेत गुळगुळीत करता येतो, किंवा एका कलण्यानंतर ठराविक काळ आलेले संकेत चालक आज्ञावली सोडून देते. हा काळ गणिताने ठरवावा लागतो. ताशी १०० मिमी. अशा जोरदार पावसात पात्र तासाला ५०० वेळा, म्हणजे दर ७·२ सेकंदांनी कलते. तेव्हा १०० मिलिसेकंदांपर्यंत दुर्लक्ष केल्याने खरी गणना बुडत नाही व स्पर्शकंप मात्र टळतो.

अविभाज्य क्रिया. व्यत्ययाचा उपक्रम व मुख्य आज्ञावली हे दोघेही एकच गणक वापरतात, यातून सर्वांत सूक्ष्म दोष निर्माण होतात. आठ अंकस्थानी सूक्ष्मनियंत्रकाला २५५ हून मोठी संख्या दोन भागांत ठेवावी लागते व ती दोन टप्प्यांत वाचावी लागते. गणकात २५५ असताना मुख्य आज्ञावलीने खालचा भाग (२५५) वाचला आणि तेवढ्यात पात्र कलले, तर गणक २५६ होतो. म्हणजे वरचा भाग १ व खालचा ० होतो. आता वाचलेला वरचा भाग १ असल्याने एकूण संख्या २५६ + २५५ = ५११ अशी दिसते. प्रत्यक्ष ५१ मिमी. पाऊस १०२·२ मिमी. म्हणून नोंदला जातो व नसलेली अतिवृष्टी कागदावर येते. वाचनाचा क्रम उलटा असेल, तर याच परिस्थितीत संख्या शून्य दिसते. गणक वाचून लगेच शून्य करण्याच्या दोन आदेशांमध्ये कलणे घडले, तर ते पुसलेच जाते. भारतात दैनिक पर्जन्याची नोंद सकाळी ८·३० वाजता घेतात. त्याच क्षणी पाऊस चालू असल्यास हा दोष डोके वर काढू शकतो. म्हणून वाचनापुरते व्यत्यय रोखून धरावेत, संख्या उचलावी व लगेच व्यत्यय मोकळे करावेत. रोखलेल्या काळात आलेला संकेत प्रलंबित राहतो, हरवत नाही. गणक शून्य न करता सतत वाढता ठेवून दोन नोंदींतील फरक घेणे ही अधिक सुरक्षित पद्धत होय.

निद्रा व विजेचा हिशेब. अशी केंद्रे सौर पट्टी व बॅटरी यांवर चालतात. समजा, सूक्ष्मनियंत्रक जागा असताना १० मिलिअँपिअर व निद्रेत १० मायक्रोअँपिअर प्रवाह घेतो. २,४०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी सतत जाग्या संस्कारकास २४० तास, म्हणजे अवघे दहा दिवस पुरेल. तोच दर दहा मिनिटांत एक सेकंद जागा राहिला, तर सरासरी प्रवाह सु. २७ मायक्रोअँपिअर होतो व त्याच बॅटरीचा हिशेब दहा वर्षांपर्यंत जातो. प्रत्यक्षात बॅटरी आपोआपही उतरत असल्याने व इतर भागही वीज घेत असल्याने एवढा काळ मिळत नाही. तथापि जागृत व निद्रित अवस्थांतील तफावत यावरून ध्यानात येते. दळणवळणाचा मोडेम हा सर्वांत खादाड भाग असून जीएसएम पद्धतीच्या मोडेमला प्रक्षेपणाच्या क्षणी सु. २ अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो. पावसाळ्यात अनेक दिवस आभाळ झाकलेले असते. म्हणजे पाऊस मोजण्याची गरज सर्वाधिक तेव्हाच सौर पट्टीकडून मिळणारी वीज सर्वांत कमी असते. म्हणून येथे वीज बचत ही नोंद टिकण्याचीच अट ठरते.

निद्रेच्या पायऱ्या असतात. उथळ निद्रेत केवळ संस्कारकाचा ताल थांबतो. गाढ निद्रेत बहुतेक सर्व घड्याळे बंद होतात. अतिगाढ निद्रेत स्मृतीचा वीजपुरवठाही तुटतो व जागृती ही नव्याने सुरू होण्यासारखीच असते. अशा वेळी पावसाचा गणक सतत वीज मिळणाऱ्या छोट्या स्मृतीत किंवा स्वतंत्र गणक चकतीत ठेवावा लागतो.

जागृतीतील अडचणी. ताल बंद असताना संकेतातील बदलाची कड ओळखणे प्रत्येक सूक्ष्मनियंत्रकाला जमत नाही. काहींना गाढ निद्रेतून उठण्यासाठी संकेताची पातळी काही काळ टिकून राहावी लागते. स्फटिक आंदोलक स्थिर होण्यास काही मिलिसेकंद लागू शकतात. काही प्रकारांत तोपर्यंत संकेत नाहीसा झाला, तर संस्कारक जागा होतो, पण व्यत्ययाचा उपक्रम चालतच नाही. जाग आली, पण हाक कोणी मारली हे कळले नाही, अशी ही स्थिती होय. म्हणून जागे होताच जागृतीचे कारण दर्शविणारा नोंदक तपासणे हे चालक आज्ञावलीचे पहिले काम असते. याउलट पातळीवर चालणारा व्यत्यय निवडला आणि स्विच मिटलेल्या स्थितीत अडकला, तर तोच व्यत्यय अखंड येत राहतो, संस्कारकाला झोप मिळत नाही व बॅटरी उतरते. अशी लाट ओळखून ती वाट काही काळ बंद करणे व बिघाडाची नोंद पाठविणे इष्ट ठरते.

झोपेच्या उंबरठ्यावरील चूक विशेष प्रसिद्ध आहे. मुख्य आज्ञावली 'काही काम उरले आहे काय' हे पाहते, काहीच नाही असे आढळते व ती झोपेचा आदेश देते. पाहणे व झोपणे या दोहोंमधील अल्प क्षणात व्यत्यय आला, तर उपक्रम चालतो, कामाची खूण होते, आणि संस्कारक तरीही झोपी जातो. ते काम पुढील जागृतीपर्यंत पडून राहते. पुढील जागृती ठरलेलीच नसेल, तर कायमचे. यावरील उपाय म्हणजे प्रथम व्यत्यय रोखावेत, मग काम तपासावे, आणि व्यत्यय मोकळे करणे व झोपणे या क्रिया मध्ये फट न ठेवता कराव्यात. काही संस्कारकांत व्यत्यय मोकळे करणाऱ्या आदेशानंतरचा एक आदेश व्यत्ययापूर्वी पूर्ण होण्याची हमी असते. आर्मच्या कॉर्टेक्स-एम प्रकारात व्यत्यय रोखलेले असतानाही प्रलंबित व्यत्ययाने झोप मोडते. दोन्ही सोयी याच फटीसाठी आहेत.

मोठ्या प्रणाली. लिनक्ससारखी परिचालन प्रणाली वापरणाऱ्या यंत्रांत अनेक चालक आज्ञावल्या एकत्र नांदतात. एकच व्यत्यय वाहिनी अनेक उपकरणांत सामायिक असल्यास प्रत्येक आज्ञावलीने आपल्या उपकरणाची स्थिती तपासून संकेत आपला आहे किंवा नाही हे सांगावयाचे असते. तातडीचा भाग व्यत्ययातच आणि उरलेला भाग स्वतंत्र धाग्यात चालविण्याची सोय असते. संपूर्ण यंत्र निद्रिस्त करताना ज्या वाहिन्यांनी यंत्रास उठवावयाचे, त्यांची आगाऊ नोंद करावी लागते. इतर वाहिन्या गप्प केल्या जातात. ही नोंद विसरल्यास यंत्र जागेपणी निर्दोष चालते आणि झोपेत मात्र बहिरे होते. झोपण्याची तयारी चालू असताना जागृती संकेत आला, तर तयारी सोडून देऊन परत फिरणे हेही आवश्यक असते.

तपासणी. हे दोष वारंवार घडत नाहीत. त्यामुळे प्रयोगशाळेतील थोडा वेळ चाललेल्या परीक्षेत ते सहसा सापडत नाहीत. तपासणीची साधी रीत अशी : वरील मापाच्या नरसाळ्यात ४०० मिलि. पाणी अगदी संथ धारेने सोडावे. गणना १०० च्या जवळ आली पाहिजे. हीच परीक्षा यंत्र निद्रेत असताना, मोडेम संदेश पाठवीत असताना व दैनिक नोंदीच्या क्षणावर अशी निरनिराळ्या स्थितींत करावी. तिन्हींत आलेला सारखा फरक पात्राच्या मापातील असतो व तो प्रमाणीकरणाने घालविता येतो. स्थितीनुसार बदलणारा फरक मात्र चालक आज्ञावलीतील दोषाकडे बोट दाखवितो. निद्रेतील प्रवाहही मोजून पाहावा. तो अपेक्षेहून जास्त असल्यास एखादा भाग झोपलेलाच नसतो. जवळच हाताने वाचावयाचा प्रमाणित पर्जन्यमापक ठेवून सकाळी ८·३० च्या नोंदी ताडून पाहणे ही सर्वांत जुनी व अजूनही विश्वसनीय कसोटी होय.

पात्राच्या मापात काही टक्क्यांची चूक असू शकते, हे खरे. तिच्यापुढे एखादे कलणे निसटणे क्षुल्लक वाटेल. परंतु मापातील चूक ज्ञात असते व दुरुस्त करता येते. निसटलेल्या कलण्याचा पुरावाच मागे राहत नाही. ०·२ मिमी. च्या पात्रात ६५ मिमी. ची मर्यादा ३२६ व्या कलण्याला ओलांडली जाते. ते एक कलणे हरवले, तर नोंद ६५·० मिमी. वर थांबते व मंडळ अतिवृष्टीच्या यादीबाहेर राहते. अल्प विजेवर चालणाऱ्या यंत्राने बराच काळ झोपून राहावे हे योग्यच. मात्र झोपेतही एकही हाक वाया जाणार नाही, ही खात्री चालक आज्ञावली लिहिणाऱ्याने द्यावयाची असते.